सातव्या ठोक्यानंतरचं पाऊल

पेणमध्ये माझी रेकॉर्डिंगची खोली आहे म्हटलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, "मोठं कोण येऊन गेलं?" मोठं कोणी आलेलं नाही. भजनी मंडळं आली, शाळांची स्वागतगीतं आली, लग्नाची गाणी आली. ग्रामपंचायतीला उभे राहिलेले आले आणि पडल्यावर पुन्हा दिसले नाहीत. त्यातल्या एकानं जीपवरून फिरवायची घोषणा स्वतःच्याच आवाजात करायचा हट्ट धरला होता. दर वाक्याला त्याला खोकला यायचा. मी सगळे खोकले काढून दिले, तर ऐकून म्हणाला, "ताई, हा मी वाटतच नाही." त्या बिचाऱ्याचं बरोबर होतं. पण साफ करायची खोड एकदा हाताला लागली की सुटत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते या खोडीमुळंच झालं.

खोली माझ्या नवऱ्यानं सुरू केली. तो गेल्यावर ती विकून टाकावी असं सगळ्यांचं एकमत झालं, म्हणून मी ती विकली नाही. काम मला येत होतंच. तो बाहेर ग्राहकांशी गप्पा मारायचा तेव्हा मशीनवर मीच बसलेली असायची.

खोलीखाली गणपतीच्या कारखान्याचं गोदाम आहे. बाहेरच्यांना ठाऊक नसतं, पण प्लास्टरची मूर्ती आतून पोकळ असते. आषाढात गोदामात जमिनीपासून छतापर्यंत गणपती असतात, पांढरेफटक, रंग न लागलेले, डोळ्यांची आखणी न झालेले. वर ढोलकीवर थाप पडली की खालून ते सगळे मिळून हलकासा हुंकार देतात. नवीन गायक दचकतात. मी सांगते, "घाबरू नका, देव दाद देतोय." भाद्रपदात गोदाम रिकामं होतं आणि खोलीचा आवाज एकदम कोरडा पडतो.

म्हणून आमच्याकडं एक शिस्त आहे. कुठलंही काम सुरू होण्याआधी, माणसं यायच्याही आधी, रिकाम्या खोलीचा दोन मिनिटं आवाज घ्यायचा. मशीन चालू करायचं, दार लावायचं आणि जिन्यात जाऊन गप्प उभं राहायचं. हा आवाज लागतो कशाला? गाण्यातून एखादी चूक कापली की तिथं भोक पडतं. ते भोक नुसत्या शांततेनं बुजत नाही, त्याच दिवसाची, त्याच खोलीची शांतता लागते. ती तिथं ठिगळासारखी लावायची. ठिगळ दिसलं नाही तर रेकॉर्डिस्ट चांगला. माझी ठिगळं आजवर कोणाला दिसलेली नाहीत.

आणखी एका बाईंचं सांगायला हवं. आमच्या खाडीकडच्या गावांत लग्नाचे विधी गाण्यातून चालवणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. अशा एक म्हाताऱ्या धवलारीण बाई नातीच्या आग्रहानं रेकॉर्डिंगला आल्या होत्या. बाकीचं सगळं गायल्या, पण पहिलं गाणं, ज्यात देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना मांडवात बोलावतात, ते सुरू करायच्या आधी त्यांनी माझा हात धरला.

"मशीन बंद कर गो."

"का आजी? हेच तर खरं पाहिजे."

"बोलावनं तुझ्या डब्यात राहील. तू कवापन लावशील. मंग ती येतील, आन मांडव तर नाय. कुठं बसतील?"

मी मशीन बंद केलं. मनात हसले, हेही कबूल करते.

दोन वर्षांपूर्वी आषाढात रोह्याहून एक बँड आला. तिघंच होते. निनाद गिटार वाजवून गायचा, एरवी कंपनीत शिफ्ट करायचा. मुग्धा कीबोर्डवर, ती कॉलेजात इतिहास शिकवायची. आणि ड्रमवर हरेश. हा रोह्याचा नव्हे, गडबच्या पुढं खाडीकडं वळलं की लागतं त्या एका गावचा. घरची भातशेती, शिवाय मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. बँडचं नाव 'उघाडी'. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांब बांध घालतात. त्या बांधाला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायला जी झडप असते, ती उघाडी. नाव हरेशनं दिलं होतं.

त्यांचं गाणं एकोणीस मिनिटांचं होतं. मी म्हटलं, "गाणं आहे की हरिपाठ?"

"काकी, हे प्रोग्रेसिव्ह रॉक आहे," निनाद म्हणाला.

मला त्यानं समजावलं ते असं. रॉकमधला हा एक पंथ. तीन मिनिटांत प्रेम करून मोकळं व्हायचं नाही. गाण्याचे भाग पाडायचे, मध्येच चाल बदलायची, ताल मोडायचा, पुन्हा जोडायचा, पाच मात्रा, सात मात्रा, अकरा मात्रा. मी म्हटलं, "सात मात्रा आमचे भजनीबुवा रोज वाजवतात, त्यांना कोणी प्रोग्रेसिव्ह म्हणत नाही." मुग्धा खळखळून हसली. निनाद हसला नाही, कारण त्याच्या दृष्टीनं प्रश्न गंभीर होता. पुण्याला एक महोत्सव होता, फक्त प्रोग्रेसिव्ह रॉकचा. निवड करणाऱ्यांत रोह्याचे नेने सर होते, रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक, घरात भिंतभर जुन्या इंग्रजी तबकड्या. बँड त्या पंथातला आहे की नाही, हे ते ठरवणार होते.

हरेशला महोत्सवाचं फारसं काही नव्हतं. सामान लावता लावता त्यानं मला एकटीला गाठलं.

"काकी, मधला अकरा मात्रांचा भाग हाय ना, तो नीट घ्या. ती माझ्या बाबांची चाल हाय."

त्याचे वडील धर्माभाऊ गावच्या बांधाचे राखणदार होते. बांधाला खेकडे भोकं पाडतात. वरून काही दिसत नाही, पण आतून माती पोखरली जाते आणि उधाणाच्या भरतीला बांध तिथंच फुटतो. त्याला आमच्याकडं खांड जाणं म्हणतात. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भात विसरायचा. म्हणून धर्माभाऊ दर उधाणाच्या आधी उघाडीपासून निघायचे आणि काठी घेऊन बांधावरून चालायचे. उघाडीपाशी एक ठोका, मग अकरा पावलं, मग ठोका, पुन्हा अकरा पावलं. माती भरीव असली तर ठोका बसका येतो, पोकळ असली तर तो बोलतो, असं ते म्हणायचे. हरेश लहानपणापासून त्यांच्या मागून चालला होता. त्या आषाढाच्या दीड वर्ष आधी धर्माभाऊ तापानं गेले. त्यानंतर बांधावरून कोणी चाललं नाही. गावानं बांधाला नवीन दगड लावून घेतले होते, त्यामुळं गरजही कोणाला वाटत नव्हती.

"बाबा कसा चालायचा ते हातात हाय अजून," हरेश म्हणाला. "पन जातंय हळूहळू. जायच्या आत तुमच्याकडं ठेवायचंय."

एवढंच त्याला हवं होतं. मला ते त्याच वेळी कळलं होतं, त्यामुळं मागाहून कळलं असं म्हणायची सोय नाही.

दोन दिवसांत रेकॉर्डिंग झालं. तो मधला भाग विलक्षण होता. गिटार थांबायची, मुग्धा डाव्या हातानं एकच खालचा सूर धरून ठेवायची आणि हरेश सेकंदाला एक अशा सावकाश चालीनं पावलं टाकल्यासारखा वाजवायचा. दर अकरा मात्रांनी मोठ्या ढोलावर एक ठोका. खालचे गणपती त्या ठोक्याला अशी साथ द्यायचे की माझ्या खुर्चीला ती कळायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी नेने सर ऐकायला आले. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं. डोळे मिटून सगळी एकोणीस मिनिटं ऐकली आणि मग म्हणाले, "वाईट नाही. पण प्रोग्रेसिव्ह म्हणता येणार नाही."

"का, सर?" निनादचा चेहरा पडला.

"लांब वाजवलं की प्रोग्रेसिव्ह होत नाही. तो एक काळ होता, त्याचं एक घराणं होतं. त्या लोकांच्या मागं शास्त्रीय संगीताची तालीम होती. नंतरचे सगळे त्यांचे कपडे घालून फिरतात."

"म्हणजे त्यांची हुबेहूब नक्कल केली तर आम्ही प्रोग्रेसिव्ह?" मुग्धा म्हणाली. "सर, पन्नास वर्षं मागं जायचं आणि त्याला पुढं जाणं म्हणायचं?"

"नक्कल नको. शिस्त हवी."

"आमच्यात पाच भाग आहेत, तीन ताल आहेत, पूर्ण गोष्ट आहे. काय कमी आहे?" निनाद बोटं मोजत होता.

"ही यादी झाली. यादीनं खिचडी होते, घराणं होत नाही."

तासभर हे चाललं. मी चहा दिला तो भांडणाऱ्या तिघांचाही गार झाला. खरं सांगते, मला मजा येत होती. आमच्याकडं भजनीबुवांत असेच वाद होतात, कोणाची गवळण खरी आणि कोणाची सिनेमाची, आणि दोन्हीकडचे लोक त्यावर वर्ष वर्ष बोलणं टाकतात. सरांचं म्हणणं मला पटत नव्हतं, पण माणूस कान देऊन ऐकणारा होता. कारण शेवटी त्यांनी नेमकं बोट ठेवलं.

"तुमचा तो मधला भाग. अकरा मात्रा. सातव्या आवर्तनात बारा आहेत."

आम्ही लावून मोजलं. बारा होत्या. सातवा ठोका, मग अकराच्या जागी बारा पावलं, मग आठवा. पुढं सगळं पुन्हा अकरा. पहिल्या दिवसाचं ऐकलं, दुसऱ्या दिवसाचं ऐकलं. दर वेळी तिथंच एक पाऊल जास्त.

"मुद्दाम केलंय, सर," निनाद लगेच म्हणाला. "प्रोग्रेसिव्हमध्ये चालतं."

नेने सरांनी हरेशकडं पाहिलं. "मुद्दाम?"

हरेशला खोटं बोलता येत नाही. त्याचे कान लाल झाले. "नाय सर. मला म्हाईतच नव्हतं. चुकलो मी."

"मग ती चूक झाली. चूक दुरुस्त करा. तो भाग सरळ झाला तर मी माझा शब्द बदलायला तयार आहे. कारण तेवढा एकच भाग मी यापूर्वी कुठं ऐकलेला नाही."

निनादनं माझ्याकडं पाहिलं. मी हरेशकडं पाहिलं. तो म्हणाला, "ठीक करा, काकी. बाबा चुकायचा नाय. त्याची अकरा म्हंजे अकराच."

ते सगळे चारच्या गाडीनं रोह्याला गेले, हरेश मोटारसायकलवरून गावाला. मी कामाला बसले. एक मात्रा कापायची म्हणजे पाच मिनिटांचं काम. कापली. भोक पडलं. ठिगळासाठी पहिल्या दिवशी सकाळी घेतलेली दोन मिनिटांची शांतता उघडली. ती घेतली तेव्हा तिघांपैकी कोणी पेणात पोचलंही नव्हतं.

त्या शांततेत ठोका होता.

मला वाटलं, खाली कोणी साचा ठोकत असेल. हेडफोन घट्ट दाबून धरले. ठोका लाकडाचा नव्हता, प्लास्टरचाही नव्हता. ओल्या मातीवर काठी आपटल्यावर येतो तसा, बसका, आणि त्याच्या मागून खालच्या मूर्तींचा बारीकसा हुंकार. पुन्हा ठोका. पडद्यावर सेकंद दिसत होते म्हणून मी मोजलं. अकरा. पुन्हा अकरा. मधल्या सेकंदांत काहीतरी मऊ, चिखलातून पाय उचलावा तसं. सातवा ठोका मात्र बसका नव्हता. तो घुमला. आणि सातव्यापासून आठव्यापर्यंत बारा सेकंद गेले.

मी हेडफोन काढून ठेवले. लख्ख दिवस होता, खिडकीखालून एसटी जात होती. खाली जाऊन पाहिलं तर गोदामाला कुलूप होतं. कारखानदाराला फोन केला. तो म्हणाला, त्या सकाळी गोदाम उघडलंच नव्हतं, माणसं दुसऱ्या शेडमध्ये होती. जाळीतून आत पाहिलं. डोळे नसलेले गणपती रांगेनं दाराकडं तोंड करून बसले होते.

त्याच वेळी हरेशला फोन करायला हवा होता. मी केला नाही. का, ते सांगते. पस्तीस वर्षं मी लोकांना सांगत आले की माझ्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही. आता मीच कुठल्या तोंडानं सांगू की रिकाम्या खोलीत कोणी चाललं? म्हातारपणी भ्रमिष्ट झाली म्हणतील, ही एक भीती. आणि काम वेळेवर द्यायचं होतं. मी त्या शांततेची एक प्रत काढली, त्यातले ठोके एकेक करून पुसले आणि उरलेल्याचं ठिगळ लावलं. दिसलं नाही. नेने सरांना गाणं पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, 'आता हे प्रोग्रेसिव्ह आहे.' निनादनं मला पेढे पाठवले.

आठ दिवसांनी अमावस्येच्या उधाणाला हरेशच्या गावचा बांध फुटला. माणसं वाचली, गुरं वाचली. नुकती लावणी झाली होती, ती सगळी खाऱ्या पाण्याखाली गेली. दोन दिवसांनी हरेशचा फोन आला. गाण्याची एक प्रत हवी होती त्याला. बोलता बोलता म्हणाला, "उघाडीपासून लांब पन नाय, काकी. आज पावलं टाकून बघितली. सहासष्ट पावलं."

सहा अकरं सहासष्ट. उघाडीपाशी पहिला ठोका धरला तर सहासष्टाव्या पावलावर सातवा.

"हरेश, तू इकडं ये," मी म्हटलं.

तो आला. मी पुसलेलं लावलं नाही, मूळ लावलं. मूळ मी कधीच टाकत नाही, तेवढी एक अक्कल त्या दिवशी शाबूत होती. त्यानं दोन मिनिटं मान खाली घालून ऐकलं. सातव्या ठोक्याला मान वर केली.

"तिथं थांबायचा तो," तो हळूच म्हणाला. "शेवटी शेवटी थांबायचा. काठी टेकून, मान अशी वाकडी करून. मी समजायचो दम लागलाय त्याला." जरा वेळानं म्हणाला, "म्हंजे हाताला म्हाईत व्हतं माझ्या. मलाच नाय."

"मी त्याच दिवशी ऐकलं होतं, हरेश. तुला सांगितलं नाही."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मीच बोल्लो ना, ठीक करा म्हनून." आणि जाताना माझ्या पाया पडला. त्या नमस्काराची मला अजून लाज वाटते.

बारावी मात्रा आम्ही परत घातली. निनाद आधी कुरकुरला, मग त्यानंच सरांना सगळं सांगितलं. नेने सर पुन्हा आले, पुन्हा डोळे मिटून बसले, मूळ दोन मिनिटंही ऐकली. खिशातलं पेन काढून उगाच हातात फिरवत राहिले.

"बारा ठेवा," शेवटी म्हणाले.

"मग आम्ही प्रोग्रेसिव्ह की नाही, सर?" मुग्धानं विचारलं.

"नाही. प्रोग्रेसिव्हमध्ये माणूस ताल ठरवून मोडतो. हा कोणी ठरवला, ते मला सांगता येत नाही. पण महोत्सवाला जा. निवडीच्या कागदावरची माझी सही मी मागं घेत नाही."

ते पुण्याला गेले, वाजवलं. फोनवर लोक अजून भांडतात म्हणे, 'उघाडी' त्या पंथातला की नाही. दोन्ही बाजूंचे लोक सातव्या आवर्तनाचा दाखला देतात. मुग्धा मला ते वाचून दाखवते आणि आम्ही हसतो, पण फार वेळ नाही.

बांध गावानं पुन्हा बांधला. हरेश आता दर उधाणाच्या आधी बांधावरून चालतो, अकरा पावलं आणि ठोका. दगड लावलेल्या बांधाला पोकळी ओळखणं सोपं नाही, त्याचा कान अजून वडिलांसारखा तयार झालेला नाही, असं तो म्हणतो.

यंदा गणपती झाल्यावर एका भजनी मंडळाचं काम होतं. कोजागिरी पौर्णिमेचं उधाण दोन दिवसांवर होतं. सकाळी नेहमीसारखं मशीन चालू केलं, दार लावलं आणि जिन्यात उभी राहिले. खालचं गोदाम रिकामं होतं, झाडून काढलेलं, हुंकार द्यायला एकही मूर्ती नव्हती. दोन मिनिटांनी आत येऊन मी हेडफोन लावले. त्या धवलारीण बाई मला हल्ली फार आठवतात.

ठोका होता. अकरा सेकंद. अकरा. सातव्याला हेडफोन दाबून धरले. सातवा बसका आला, भरीव, आणि पुढं अकराच सेकंद गेले. बरं वाटलं. आठवा. नववा.

नववा घुमला. त्यानंतर बारा.

मी मशीन बंद केलं नाही, काही पुसलं नाही. भजनी मंडळ जिन्यावरून वर येत होतं, टाळांचा आवाज येत होता. मी हरेशला फोन लावला.

"नवव्यानंतर," एवढंच म्हटलं.

पलीकडं दुकानात कोणाची तरी गाडी चालू होती. ती बंद झाली.

"अठ्ठ्याऐंशी पावलं," हरेश म्हणाला. "निघालो, काकी."